त्रेचाळीस नंबर

आमचं घर एकेचाळीस.
शेजारचं पंचेचाळीस.
मधलं त्रेचाळीस भिंतीत गेलं
तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
आधी नुसते पत्रे, मग विटा,
विटांवर पुन्हा पत्रे, पत्र्यांवर जाळी,
आणि जाळीवर उरलं तेवढं आभाळ
आमच्या वाटणीला.

टॅमर्ना स्ट्रीट, बेलफास्ट.
नाव दोन्हीकडे एकच राहिलं,
बदलायचं कुणाला सुचलं नाही.
म्हणून पोस्टमन नवा असला की
त्यांची गॅसची बिलं आमच्या दारात पडतात.
डब्ल्यू. जे. गॅमबल, पंचेचाळीस.
नेऊन द्यायची तर फाटकातून दीड मैल वळसा,
तोही सहाच्या आत.
मी ती घड्याळामागे खोचून ठेवते.
सात-आठ झालीत.

घर विकत घेतलं ते मॅलकी असताना.
आधी आईनं भाडं भरलं, मग आम्ही,
मग गृहमंडळाचा माणूस आला टेप घेऊन,
ओल मोजायचं यंत्र जागोजागी टेकवत फिरला.
न्हाणीघरात काटा पार टोकाला गेला.
मागच्या खोलीत खिडकीला जाळी,
जाळीत अडकलेला गोल्फचा चेंडू,
कधीचा कोण जाणे, शेवाळून हिरवा.
त्याकडे बघून तो काही बोलला नाही,
कागदावर लिहिलं
आणि किंमत अकरा हजारांनी उतरली.
मॅलकीला रात्रभर हसू आवरेना.
"जिला जन्मभर शिव्या घातल्या
तिनंच घर घेऊन दिलं की गं!"

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला खोकला होता.
रोज पहाटे पाचला, पलीकडून,
तीन कोरडे ठसके, मग अंगणातला नळ.
मॅलकी अंथरुणाला खिळला तेव्हा
त्याचा पहिला डोस मी त्या खोकल्यावर द्यायची,
गजर लावायचा प्रश्नच नव्हता.
मॅलकी गेला त्या दिवशीही तो वेळेवर खोकला.

गेल्या नोव्हेंबरात थांबला.
नाताळात वाटलं, गेला असेल लेकाकडे.
मार्चमध्ये त्याच्या धुराड्यात
स्टारलिंग पक्षी काड्या नेऊ लागले.
ना अर्ज, ना यादी.

यादीत आमची ग्रॉन्या आहे, सातवं वर्ष.
एकशे तीस पॉइंट,
हॉस्टेलची एक खोली, दोन मुलं,
धाकट्याच्या छातीत रात्रभर मांजर घुरघुरतं.
मंडळाची बाई म्हणाली,
तुमच्या बाजूला घरच नाही हो.
मी म्हटलं, पंचेचाळीस रिकामं आहे,
तेही तुमचंच.
तिनं पेनला टोपण लावलं.
"तिथं राहायला जाल तुम्ही?"
ग्रॉन्या पटकन म्हणाली, नाही.
बरं झालं ती म्हणाली,
नाहीतर मलाच म्हणावं लागलं असतं.

परवा एक फॉर्म आलाय.
भिंत काढावी का? हो. नाही. पुढे कधीतरी.
तीन चौकोन, सोबत छोटी पेन्सिलसुद्धा.
भिंत गेली तर अकरा हजार परत येतील,
हा हिशेब मी केला, खोटं कशाला बोलू.
आणि चेंडूही येतील का, असंही मनात आलं.
मग विचार करत बसले त्रेचाळीसचा.
ते कुणाला मिळणार?
तिथं मिसेस हॅनव्हे राहायच्या,
उंबऱ्याची पायरी लाल पॉलिशनं घासायच्या,
वाळेपर्यंत आम्हाला उडी मारून जायला लावायच्या.
त्या आमच्यातल्या होत्या की त्यांच्यातल्या,
कितीही आठवलं तरी आठवत नाही.
आईला विचारून ठेवायला हवं होतं.

फॉर्म घड्याळामागे खोचलाय,
गॅमबलच्या बिलांपाशी.
इतकं साठलंय तिथं
की घड्याळ भिंतीपासून सुटून
पुढं झुकून चालतं.